उजव्या बाजूचं दूध

महबूबाची उजवी बाजू बेयाची आणि डावी जोहराची, ही वाटणी केरकेना बेटावरच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. बेयाची जन्मदाती बाळंतपणातच गेली. बाप कामासाठी मार्सेलला गेला तो गेलाच. शेजारच्या महबूबाच्या कुशीत तेव्हा तिची स्वतःची जोहरा होती. तिने दुसरीलाही उचललं आणि छातीला लावलं. पोरींना अदलाबदल खपत नसे. जोहराला चुकून उजवीकडे घेतलं तर बेया भोकाड पसरायची. "एवढीशी जळू, पण आपली हद्द बरोबर ओळखते," असं महबूबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची.

दुधाचा एक घोट पोटात गेला तरी लेकरू आपलं, मग त्याचं लग्नही आपल्या घरात लागत नाही, असा तिकडचा कायदा. इथे तर दोन वर्षं घोट चालले होते. त्यामुळे दूधआई, दूधबहीण असले शब्द त्या घरात कुणी कधी उच्चारले नाहीत. आई ती आई, बहीण ती बहीण, आणि चार वर्षांनी मोठा नजीब हा भाऊ, कान पिरगाळायचा पूर्ण हक्क असलेला. अर्ध्या गावाचं आडनाव एकच, म्हणून शाळेतही कुणी काही विचारलं नाही.

आणि म्हणूनच, पन्नाशी ओलांडलेल्या बेयाला बेटासमोरच्या स्फाक्स शहरातल्या इस्पितळात डॉ. सिहेमने विचारलं, "मॅडम, घरात आधी कुणाला कर्करोग झाला होता?" तेव्हा तिच्या तोंडून सरळ निघालं, "आईला. आणि बहिणीला."

जिभेला हाड नसतं म्हणतात, पण सवय असते, आणि ती हाडापेक्षा चिवट. बेया काही अडाणी बाई नव्हती. विद्यापीठात पेशींचं शास्त्र शिकवत तिचे केस पांढरे झाले होते. खुद्द ही सिहेम तिची विद्यार्थिनी, आणि ती बेयाच्या पेपरात काठावर पास झाली होती. रक्तातून काय उतरतं आणि दुधातून काय उतरत नाही, हे बेयाला या देशात कुणी समजावून सांगावं अशी वेळ नव्हती.

"दोघींना?" सिहेमने पेन खाली ठेवलं. "मग मी एकाच बाजूवर थांबायचा सल्ला देणार नाही, मॅडम. गाठ उजवीकडे आहे, पण एका घरात तिघी म्हणजे डावीचाही भरवसा नाही. दोन्ही काढून टाकू."

"दोन्ही," बेया म्हणाली.

"तुम्हीच प्रयोगशाळेत शिकवलंत ना, संशय आला तर बशी फेकून द्या, पेशींवर माया करू नका."

"ते बशीबद्दल होतं गं."

चूक तिला दारापर्यंत पोहोचायच्या आत कळली. मागे वळून एक वाक्य बोलायचं होतं: सिहेम, ती मला पाजणारी होती, जन्म देणारी नव्हे. एवढ्याने डावी बाजू वाचली असती. बेया दाराची मूठ फिरवून बाहेर पडली.

का बोलली नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

बेया तेरा वर्षांची असताना तिची छाती दुखायला लागली. लिंबाएवढ्या दोन गाठी, हात लागला तरी कळ. जोहराला काहीच नाही. ती फळीसारखी सपाट आणि त्यावरून बेयाला चिडवायची. बेया लाजेने कापड घट्ट बांधून शाळेत जायची. त्याच हिवाळ्यात महबूबाला गाठ लागली, उजवीकडे. समुद्रातून ऑक्टोपस पकडायची मडकी ओढताना तिला ती हाताला लागली म्हणे. पुढच्या वर्षी ती गेली, आणि मातीला आलेल्या बायकांपैकी एक, कपाळावर गोंदण असलेली, बेयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ज्या बाजूने परक्या पोरीने ओढलं, तीच बाजू सडली. नाव घ्यायला नको, पण दिसतं ते दिसतं."

परकी हा शब्द बेयाने स्वतःबद्दल तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माझ्या छातीत जे वाढतंय तेच मी आईच्या छातीत सोडलं, असं तिच्या मनाने घेतलं, आणि त्या वयात मनाने घेतलेलं पदव्यांनी निघत नाही.

तरी तिने प्रयत्न केला. जन्म त्यातच घातला म्हणा ना. वयात येणाऱ्या पोरीच्या छातीत काय घडतं, हे ती वर्गात फार सुंदर सांगायची. दुधाच्या नळ्यांची टोकं चरबीत घुसत पुढे सरकतात, पण आपल्या मनाने नाही. शेजारच्या पेशी त्यांना निरोप पाठवतात: वाढ. शास्त्रात त्याला वाढीचे घटक म्हणतात. बेया निरोपच म्हणायची. पेशीच्या अंगावर कान असतात, निरोप कानात पडला की पेशी दुभागते. पुढे दुसरा निरोप येतो, पुरे, आणि ती थांबते. गरोदरपणी पुन्हा वाढ, दूध सुटलं की आवरतं घे. कर्करोग म्हणजे कुठलं विष नव्हे, कुणी सोडलेलं तर नव्हेच. वाढण्याचाच हुकूम, फक्त थांबायचं विसरलेला. कधी पेशीला इतके कान फुटतात की कुजबुजही तिला आरोळी वाटते. कधी मोडलेली दुरुस्त करायची यंत्रणाच जन्मापासून अधू असते, आणि ती मात्र रक्तातून उतरते. मूल पाजल्याने आईला हा आजार होत नाही, उलट थोडं संरक्षणच मिळतं, हे वाक्य बेया दरवर्षी फळ्यावर लिहायची. विद्यार्थी उतरवून घ्यायचे, आणि लिहिणारीचा त्यावर शंभर टक्के विश्वास कधीच बसला नाही.

मग चाळिशीच्या आतच जोहराला झाला. शेवटच्या दिवसांत बेया तिच्या उशाशी असायची. जोहराची जीभ शेवटपर्यंत तिखट. "आईचं सगळं मलाच मिळालं बघ," ती म्हणाली होती. "नाक, आवाज, आणि आता हेही. तुला मेलीला काहीच नाही."

दोघी खूप हसल्या होत्या. जोहरा गेल्यावर त्या हसण्याचं काय करावं ते बेयाला कळेना. बेटावर जाणं कमी झालं. लग्न राहूनच गेलं होतं. स्फाक्सच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती, रेडिओ, आणि ज्यांना ईदच्या दिवशीही जाऊन खाऊ घालावं लागे अशा प्रयोगशाळेतल्या पेशी. म्हणून उजवीकडे गाठ लागली तेव्हा भीतीच्याही आधी तिला जे वाटलं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. तिला वाटलं, चला, मलाही मिळालं.

आता कळलं असेल, ती दारातून मागे का वळली नाही. सिहेमच्या तोंडून 'एका घरात तिघी' हे ऐकण्यासाठी डावी बाजू गेली तर जाऊ दे, असा तो व्यवहार होता. वेडेपणाच. पण एकटं माणूस असले व्यवहार करतं, आणि त्याला अडवायला घरात दुसरं कुणी नसतं.

पुढच्या भेटीला नजीब बेटावरून पहिल्या बोटीने आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला वाळवलेला ऑक्टोपस, अख्ख्या इस्पितळाला वास. सोबत त्याची मुलगी ओमैमा. ती स्फाक्समध्येच बँकेत नोकरीला, बेयाच्या फ्लॅटची एक किल्ली तिच्याकडे असायची, आणि वाटेल तेव्हा येऊन आत्याचा फ्रीज रिकामा करणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क होता. उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं होतं.

"डॉक्टर, आजी गेली, जोहराआत्या गेली, आता ही," ओमैमा म्हणाली. "मग माझं काय?"

"चांगला प्रश्न विचारलास," सिहेम म्हणाली. "रक्ताची तपासणी असते. पण आधी तुझी नाही, मॅडमची करायची. ज्याला आजार झालाय त्याच्या रक्तात घरातला दोष शोधणं सोपं. त्यांच्यात सापडला तर तुझ्यात बघू. आणि त्यांच्यात नाही सापडला, तर तू निश्चिंत लग्न कर. काही तपासायला नको."

"म्हणजे सगळं हिच्या रक्तावर!" ओमैमाने बेयाच्या गळ्यात हात टाकला. "आत्या, नीट रक्त दे हं. आयुष्यभर आळशीपणा केलास, आता नको करू."

बेयाने नजीबकडे पाहिलं. तो आता बोलेल असं तिला वाटलं. तो मान हलवत होता, लेकीची काळजी मिटली म्हणून दाढी खाजवत होता. तो काही लपवत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. जी पोर त्याच्याबरोबर एका ताटात जेवली, ती कुठून आली हे तो कधीच विसरून गेला होता. ते विसरणं बेयाला मोडवेना.

"उद्या सकाळी रक्त घेऊ," सिहेम म्हणाली.

बापलेकींना तिने स्वयंपाकाला घरी पाठवलं आणि स्वतः प्रयोगशाळेत गेली. विद्यापीठाला सुट्टी होती, कुणी नव्हतं. एका बशीत तिने मुद्दाम फार थोड्या पेशी पेरल्या होत्या, एकमेकींपासून लांब लांब. अशा पेशी जगत नाहीत. खायला सगळं असतं, पण शेजारणीचा निरोप नसतो, म्हणून त्या आक्रसून मरतात. त्यावर एक जुनी युक्ती आहे. भरलेल्या बशीतलं वापरलेलं पाणी काढून या बशीत घालायचं. त्यात तिथल्या गर्दीचे निरोप विरघळलेले असतात. एकट्या पेशीला वाटतं आपल्याभोवती माणसं आहेत, आणि ती तग धरते.

बेयाने ते पाणी घातलं आणि भिंगातून पाहत बसली. तिचा स्वतःचा अहवाल पिशवीत होता. तिच्या गाठीच्या पेशींना कानच कान फुटलेले होते. जोहराच्या पेशींना तो कानच नव्हता. तो अहवालही तिनेच वाचला होता, तेव्हा वाचून दाखवायला घरात दुसरं कोण होतं? दोन गाठी, दोन वेगळ्या जाती. रक्तातला दोष महबूबाकडून जोहराकडे गेला असणार. नजीबकडे गेला असेल, तर ओमैमाकडेही. आणि उद्या बेयाचं रक्त स्वच्छ निघणार, पोरीला कुणी तपासणार नाही, आणि पोरगी निश्चिंत लग्न करणार. डावी बाजू बेयाची होती, ती कशावरही उधळायला ती मोकळी होती. ओमैमा तिची उधळायची वस्तू नव्हती.

घरी बार्लीचं ऑक्टोपस घातलेलं सूप तयार होतं. ओमैमाने लाल मिरच्यांचा हरिसा इतका ओतला होता की नजीबच्या नाकातून पाणी येत होतं.

"सासरी असा स्वयंपाक केलास तर दुसऱ्याच दिवशी बोटीत बसवून परत पाठवतील," तो म्हणाला.

"पाठवू देत. आत्याकडे राहीन. हिला तरी कोण आहे?"

बेयाने चमचा खाली ठेवला. "ओमैमा, माझं रक्त तुझ्या कामाचं नाही."

"आजारी रक्तच हवंय म्हणे त्यांना."

"तसं नव्हे. तुझ्या आजीने मला पाजलं. जन्म दुसरीने दिला. डॉक्टरला मी आई म्हणाले, बहीण म्हणाले, तिने रक्ताची धरली. माझं रक्त स्वच्छ निघेल. त्यावरून तुझं काहीच कळणार नाही. तपासायचं तर तुझ्या बापाचं तपासा."

ओमैमाने बापाकडे पाहिलं. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नजीबचा चेहरा आधी कोरा होता, मग लाल झाला. तो हरिसाने झाला नव्हता.

"काय बोलतेयस तू?"

"खरं तेच बोलतेय."

"खरं! आई तुला उजवीकडे घेऊन बसायची तेव्हा मी भुकेला बाजूला उभा असायचो, ते खरं नव्हतं? त्या गोंदणवालीला मी दगड मारला होता, परकी म्हणाली म्हणून. बापाने मला पट्ट्याने फोडलं. आणि आज तू तेच म्हणतेस, माझ्या पोरीसमोर, जेवताना!"

"नजीब, पोरीचा जीव..."

"वा! आईच्या दुधाला चांगली जागलीस!"

तो उठला आणि गॅलरीत जाऊन पाठ करून उभा राहिला. बेयाला रडू कोसळलं. दगडाची गोष्ट तिला आजवर माहीत नव्हती. तिला सांगावंसं वाटलं, की अरे, जागलेच आहे, याहून जागायचं ते कसं? नव्या बाळाची आतडी आईच्या दुधातल्या निरोपांवरच धरतात; माझं पोट त्या बाईच्या हुकमाने वाढलंय, हे मी कुठल्याही कोर्टात सिद्ध करून देईन. पण हे सगळं वर्गात बोलायचं. तिने नुसतं सूप झाकून ठेवलं.

सकाळी तिने सिहेमला सांगितलं. सिहेम कपाळाला हात लावून हसली. "मॅडम! तुम्ही? हे उत्तर मी लिहिलं असतं तर तुम्ही नापास केलं असतंत."

"केलंच असतं."

"बरं झालं बोललात. डावीला हात लावायची गरज नाही आता." ऑपरेशनच्या कागदावर काढलेल्या दोन गोलांपैकी डावा तिने खोडला. मग दारातून नर्सने आवाज दिला, "रक्ताच्या नात्यातले आत या. बाकीच्यांनी बाहेर बसा."

नजीब आत गेला, ओमैमा आत गेली. बेया बाहेर येऊन बाकावर बसली. बाकावर दुसरं कुणी नव्हतं.

दोष सापडला. नजीबच्या रक्तात होता, ओमैमाच्याही. पुढची बारीक तपासणी झाली तेव्हा तिच्या डाव्या बाजूला तांदळाच्या कणीएवढं काहीतरी दिसलं, हाताला कधीच लागलं नसतं असं. ते वेळेत काढलं. बेयाची उजवी बाजूही तोवर गेली होती, आणि फुटलेले कान बंद करणारं औषध ती घेत होती. तिच्या ऑपरेशनला नजीब आला नाही. त्याला दोन धक्के एकदम बसले होते, आणि दोन्ही बेयाच्या तोंडून निघाले होते. ऑक्टोपस तेवढा कुणाच्या तरी हाती पाठवला.

लग्न पुढे ढकललं, पण मोडलं नाही. शरद ऋतूत एका दुपारी बेयाच्या दाराची घंटा वाजली. ती वाजत नसे. गॅसवाल्याशिवाय कोण वाजवणार? दारात ओमैमा होती, हातात मिठाईचा चांगला मोठा डबा, वर रेशमी फीत.

"किल्ली हरवलीस का?"

"नाही, आहे ना," ओमैमा म्हणाली. "म्हटलं, विचारून यावं."

ती आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. फ्रीजकडे तिने पाहिलंही नाही.

"डॉक्टर म्हणाल्या, वर्षभर उशीर झाला असता तर कठीण होतं. तुम्ही सांगितलं नसतंत तर..." तिचे डोळे अगदी मनापासून भरून आले. "तुम्हाला काय वाटलं असेल तेव्हा, ते मला आता कळतं. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

बेया ऐकत राहिली. तुम्ही. तुम्हाला. तुमचे. त्या घरात तिने मार खाल्ला होता, शिव्या खाल्ल्या होत्या, उष्टं खाल्लं होतं. तिचे आभार मात्र कुणी कधी मानले नव्हते.

"बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. तुम्हाला सलाम सांगितलाय."

"बस, चहा टाकते." बेया स्वयंपाकघरात गेली. पाणी उकळलं, तिने चहात टाकायला बदाम सोलले, दोन पेले काढले. या पोरीला दात नव्हते तेव्हापासून ती किती गोड पिते हे बेयाला ठाऊक होतं.

"साखर किती घालू?" तिने आतूनच विचारलं.